तीन एकावन्नची रेघ

२० एप्रिल २०२३

बायकोचा, केशरचा गुडघा कसा? काल आखडला होता, आज जरा मऊ. शेळीचं पोट? जागेवर बसलं. दोस्ताचा, महारुद्रचा दमा? सकाळी पारावर बिडी ओढत होता, म्हणजे बरा असावा. भूकंपाची खोली? आणखी एक पत्रा उचललाय. आतलं यंत्र नेऊन तेरा वर्षं झाली, तरी जाता-येता विचारपूस करतोच. आणि माझी तब्येत? वही उघडली, त्याअर्थी ठीक.

आज सरपंच रणधीर आला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "तात्या, अकरा मेला पंचवीस वर्षं होत्यात. पोखरणचा अणुबॉम्ब आपल्या तेर गावात पकडला, त्याचा सत्कार ठेवलाय."

"कुणाचा?"

"तुमचाच की. बॉम्बाचा कसा ठेवणार?"

केशर आतून हसली. मला काही हसू आलं नाही.

२२ एप्रिल

संघप्रियाचा फोन, हैदराबादहून. माझ्या धाकट्या भावाची लेक. भूभौतिकीतली डॉक्टर झालीय. कुठं जमीन हलली की ती आपली आपण हलली, का कुणी गुपचूप बॉम्ब फोडून हलवली, हे रेघ बघून सांगायचं — हे तिचं काम. देश खोटं बोलतात, रेघ बोलत नाही, असं ती परिषदेत सांगते म्हणे. वाक्य माझं आहे. नऊ वर्षांची होती, भूकंपाच्या खोलीत पोत्यावर बसून ऐकायची.

मी तिथं राखणीला होतो. किल्लारीच्या भूकंपानंतर संशोधनवाल्यांनी यंत्र बसवलं आणि रोजंदारीवर मला. फिरत्या नळकांड्याला कागद गुंडाळलेला, त्यावर पेन रेघ ओढत राहायचं. जमीन थरथरली की रेघ थरथरायची. राखता राखता कागद बदलायला शिकलो, मग वाचायला. शाळा सातवी.

ती म्हणाली, "तात्या, जुन्या कागदी नोंदी तपासायचं काम घेतलंय. तुमच्या वह्या मिळाल्या. आता अकरा मेचा मूळ कागद पाठवा."

मूळ कागद आमच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत. एका बाजूला बुद्ध, दुसऱ्या बाजूला बाबासाहेब, मधे मी पकडलेला बॉम्ब. या तिघांना कधी कुणी विचारलं नाही, चालतं का म्हणून.

२४ एप्रिल

चौकट कुरियरनं गेली. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा. केशर म्हणते, कॅलेंडर लावा.

२९ एप्रिल

पुन्हा संघप्रिया. "तात्या, काचेतूनच बघितलं अजून, पण एक घोळ आहे. स्फोट झाला तीन त्रेचाळीसला. तिथून तेरपर्यंत थरथर यायला अडीच मिनिटंबी लागत नाहीत. तुमची रेघ हललीय तीन एकावन्नला."

"मग?"

"मग तुमचं घड्याळ पाच मिनिटं पुढं होतं. असू द्या. त्या वर्षाच्या सगळ्या नोंदी मी पाच मिनिटं मागं घेते. बॉम्बाची वेळ पक्की आहे, तीच खूण धरते."

फोन ठेवला आणि अंगाची आग आग झाली. माझं घड्याळ? रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्यांआधीचे ठोके लागायचे, त्यांना मी घड्याळ लावायचो. अर्ध्या सेकंदाचा फरक असला तरी वहीत मांडायचो. थोरलीच्या लग्नात पाहुणे जेवायला बसले आणि मी ठोके ऐकायला. केशर ते अजून काढते. खोटारडा म्हणाली असती तर एक वेळ गिळलं असतं. घड्याळ पुढं म्हणाली!

आणि खोटारडा म्हणायला तर ती मोकळीच आहे. आता वहीला तरी सांगतो. तो बॉम्ब नव्हता. त्या संध्याकाळी रेडिओनं पोखरणची बातमी दिली. मी पळत खोलीवर. तीन एकावन्नला हा एवढा झटका. इतक्या लांबून यायचं म्हणजे वाटेत वेळ जाणारच, असं माझं मीच ठरवलं. दिवेलागणीला गळ्यात हार. दुसऱ्या दिवशी महारुद्र सहज म्हणाला, "काल चारच्या आत विहिरीत सुरुंग उडवला. तुझ्या यंत्राला कळलं का रं?"

हार खुंटीवर होता, अजून सुकलाही नव्हता. मी म्हणालो, "न्हाय."

पंचवीस वर्षं ते 'न्हाय' काचेत लावून ठेवलं.

१ मे

महारुद्रला सगळं सांगितलं. त्याला काही नवल वाटलं नाही. चौथ्या दिवशीच त्यानं ओळखलं होतं म्हणे.

"मग बोलला का न्हाईस?"

"कशाला? माझा सुरुंग अणुबॉम्ब म्हणून खपला. कधी तक्रार केली का म्या?"

"आता पोरगी त्याच्यावर घड्याळ लावतीय. त्या वर्षाचे तीनशे धक्के मी नीट मांडलेत, सगळे चुकीच्या वेळेला जातील."

"झालेलं धक्कं. आता त्यांना कुठं वेळेवर पोचायचंय?"

"तिचं सगळं काम वेळेवर उभं हाय, महारुद्र. ती माझ्यावर भरवसा टाकून चुकंल, आणि शहाणे लोक हसतील तिला."

तो बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "त्या विहिरीला पाणीबी लागलं न्हवतं."

५ मे, बुद्ध पौर्णिमा

विहारात पंचशील म्हणायला पुढं नेहमीसारखा मी. तीन शीलं खणखणीत गेली. चौथं आलं — मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही — आणि घसा बसला. मागचे लोक थांबले, मग आपले आपण पुढं गेले. पाचवं दारूचं. ते मी सगळ्यांत मोठ्यानं म्हणालो. ते पाळणं मला कधी जड गेलं नाही.

घरी आल्यावर केशर म्हणाली, "अहो, खाकरून तरी घ्यायचं."

तिलाही सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवला नाही. "मला वाटलंच. बॉम्बाला आमची भांडी वाजली न्हाईत, पण महारुद्र भाऊजींच्या सुरुंगाला वाजली व्हती." पंचवीस वर्षं या घरात माझ्यापेक्षा बरं यंत्र होतं.

६ मे

संघप्रियाला फोन केला. उभ्यानंच बोललो. सुरुंग, हार, खुंटी, सगळं.

 

ती म्हणाली, "ती रेघ बघून मी या विषयात आले, तात्या."

"व्हय."

"आणि ती महारुद्रकाकांची विहीर?"

"व्हय."

"स्फोट आणि भूकंप ओळखायचा पगार घेते मी. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर तुमचं नाव आहे."

"घड्याळ मात्र बरोबर व्हतं," मी म्हणालो.

"ठेवते," म्हणाली.

७ मे

फोन नाही.

८ मे

फोन नाही. केशरनं दोनदा विचारलं, चार्जिंग आहे का बघा.

९ मे

रणधीरला घरी जाऊन सांगितलं, सत्कार मोडा. त्यानं डोकं धरलं. "तात्या, फ्लेक्स लागलाय. तुमच्या मागं बॉम्बाचा ढग टाकलाय ढग. आता तिथं विहीर कुठून आणू?"

"मग मी माईकवर सांगतो."

"सांगा. पाहुणे आल्यावर सांगा. निदान खुर्च्या तरी भरू द्या."

११ मे

सांगितलं. शाळेच्या मैदानात, मंडपाखाली, ढगाच्या फ्लेक्ससमोर. पहिल्यांदा टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं नम्रपणा चाललाय. मग महारुद्र मागच्या रांगेतून उठला आणि दम खात खात म्हणाला, "खरं हाय. सुरुंग माझा."

शाल हातात धरून रणधीर दोघांकडं बघत राहिला. घडी मोडली होती, परत ठेवायची कशी? अखेर पायऱ्या उतरून त्यानं ती महारुद्रच्या खांद्यावर टाकली. "सत्य उघड केल्याबद्दल." नारळही त्यालाच.

पंचवीस वर्षं मी खोटं बोललो, हा गप्प बसला. बक्षीस गप्प बसण्याला. बरोबरच आहे, त्याला कष्ट जास्त पडले असतील.

येताना पोरं मला वाट द्यायला थांबली नाहीत. एरवी थांबतात.

१२ मे

ऊन बेचाळीस. महारुद्र शाल पांघरून पारावर. फ्लेक्स उतरवला, कुणाच्या तरी गोठ्यावर ढग गेलाय.

संघप्रियाचा फोन नाही.

१५ मे

तिचा निरोप आला, फोनवर लिहिलेला. जसाच्या तसा उतरवतो.

"तात्या, आज चौकट उघडली. चौकटवाल्यानं अर्धा कागद मागं दुमडला होता. तिथं तीन शेहेचाळीसला बारीक थरथर आहे. पोखरणचीच. तीन वेळा तपासली. तुमचं घड्याळ सेकंदाला बरोबर. म्हणजे बॉम्ब तुम्ही खरंच पकडला होता. शेजारी पेन्सिलीनं तुमच्या अक्षरात एकच शब्द आहे — म्हैस."

भिंतीला अंग घासत होती ती, म्हणून थरथर तिचीच धरली. हाकलायला मीच उठलो होतो.

तिला लिहिलं: पोरी, गावात मी काही बोलणार नाही. आता कोण ऐकतंय, आणि महारुद्रची शालही काढून घेववत नाही. तू मात्र नोंदी हलवू नको. आमच्या सगळ्यांची तब्येत ठीक आहे. राग गेला असला तर लवकर लिही. नसला गेला तरी लिही.