वाकडी करंगळी

रविवार, करामा

मी असं का बोललो?

ऑफिसातला क्लाऊस आज जेवायला आला होता. तांबडा रस्सा मी त्याला कोल्हापूरचा म्हणून मिरवून वाढला. तो जर्मनीतल्या आपल्या छोट्याशा गावाच्या फुटबॉल क्लबचा इतिहास सांगत बसला. बिअरच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला क्लब. युद्धानंतर खायचे वांधे, म्हणून मैदानात बटाटे लावले आणि ते काढल्याबरोबर पुन्हा गोलपोस्ट रोवले. क्लब कधीच वरच्या लीगमध्ये गेला नाही, तरी सांगताना गड्याची मान ताठ. त्याचे आजोबा गोलकीपर. बॉल अडवून अडवून त्यांची करंगळी वाकडी झालेली.

मग त्याने विचारलं, तुझ्या गावचा क्लब कुठला?

कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल टीम खेळतात तेव्हा आमच्या पेठा ओस पडतात. आणि मी म्हणालो, "नो नो, ओन्ली क्रिकेट."

सई, माझी लेक, पटकन म्हणाली, "बट आजोबा वॉज अ गोलकीपर! हिज फिंगर इज ऑल्सो लाइक दॅट!"

"जस्ट टाइमपास होता तो, बेटा." तिचा चेहरा पडला.

लाज कसली वाटली मला? तो तर बटाट्यांचंसुद्धा सांगत होता.

संध्याकाळी कोल्हापूरहून बाबांचा व्हिडिओ कॉल. पाहुणा येणार हे त्यांना ठाऊक होतं. "सांगितलंस काय रे त्या जर्मनला आपल्या तालमीच्या टीमचं?"

"हो बाबा. फार आवडलं त्याला."

बाबा खूश. बाय करायला हात वर केला, तर ती वाकडी करंगळी स्क्रीनभर. शेजारून सईनेही हात हलवला, माझ्याकडे न बघता.