हागानेमारूचा तांडेल

पाचूबंदर, वसई
२० जुलै

प्रिय हेमाली,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर तू "जेवलात का बाबा" विचारतेस, मी "हो" म्हणतो, आणि फोन आईकडे जातो. नऊ वर्षं आपलं एवढंच चाललंय. मला बरंच काही विचारायचंय आणि एक गोष्ट सांगायची आहे, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं.

आधी कबुली. दिवाळीत तू अर्धवट जोडून माळ्यावर ठेवलेला तो जपानी यंत्रमानव मी खाली काढला. मासेमारी बंद, होडी वर ओढून ताडपत्रीखाली, जाळी दुरुस्त करून झालेली. होडी चालवणारा तांडेल रिकामा घरात बसला की काय होतं ते आईला विचार. खोक्यावरच्या चित्रात तो पांढराशुभ्र, पण तू जोडलेल्या पायांना मात्र खाली हिरवा रंग आणि वर पिवळा पट्टा. आपल्या होडीचा! असं का, म्हणून डोक्यात किडा वळवळायला लागला. शेजारच्या मर्सीबाईंनी खोक्यावरचं इंग्रजी नाव वाचून दिलं, हागानेमारू. आता जपानी जहाजांच्या नावामागे 'मारू' असतं हे मला दर्यावर जहाजं बघून बघून ठाऊक. म्हटलं, ही तर होडीच आहे, फक्त उभी राहिलेली, आणि उरलेली जोडायला मीच बसलो.

तिथेच घोटाळा झाला. खोक्यातल्या पुडीत नखाएवढी एक बसलेली बाहुली होती, यंत्र चालवणारी. कागदावर सगळं जपानीत, ते कोण वाचणार? मला होडी माहीत. आपली केबिन मागे, तांडेल मागे, खलाशी पुढे टोकाशी, नाळेवर. म्हणून मी तिला यंत्रमानवाच्या पाठीवर बसवली, आणि हलू नये म्हणून होडीच्या फटी बुजवायचं रेझीन लावलं. संध्याकाळी मर्सीबाई चष्मा लावून बघतात तर काय, "हिरामण, ही छातीत बसते रे, चित्र बघ ना." आता ती काही केल्या निघत नाही. आई म्हणाली, "बिचारीला सगला मागचाच दिसनार. पुढं कोन आला, कोन गेला, तिला काय कलनार?"

मग चूक समजून घ्यायला, हा यंत्रमानव ज्या टीव्ही मालिकेतला आहे ती बघायला बसलो. हिंदीत बोलतात, बरं झालं. चोवीसच्या चोवीस भाग बघितले. आई आधी नाक मुरडायची, तिसऱ्या भागापासून सोडे निवडायचे सोडून बाजूला येऊन बसली. पण मला कितीतरी गोष्टी कळल्या नाहीत. एवढं सहा मजली धूड, त्यात डिझेल कुठे भरतात? समुद्रात दोन पायांवर उभं राहतं, मग ओहोटीला पायाखालची वाळू सरकत नाही का? लढाई झाल्यावर अंगावरचं मीठ कोण धुतं? आपण इंजिन गोड्या पाण्यानं धुतलं नाही तर महिन्यात गंजतं. आणि आत एकटीच? खलाशी नाही, दोर धरणारा नाही, चहा करणाराही नाही. तू कारखान्यात यंत्राचे हात चालवतेस, तुला माहीत असेल. सविस्तर सांग.

पण खरं कुतूहल मला त्या बाहुलीचं, म्हणजे नाओचं. सोळा वर्षांची पोर, हट्टी, जेवताना पाय हलवते, अगदी तुझ्यासारखी. सातव्या भागात ती हुकमाशिवाय यंत्र बाहेर काढते, वादळातून सुखरूप धक्क्याला आणते, आणि तिचा म्हातारा कप्तान सगळ्या पलटणीसमोर तिला खाली उतरवतो. तिथे आई टीव्ही सोडून माझ्याकडे बघायला लागली. मी उठून पाणी प्यायलो. तहान नव्हती.

तू सतरा वर्षांची होतीस. नारळी पुनव, होडीला पताका, धक्क्यावर अख्खं बंदर लोटलेलं. नारळ सोडून परत येताना मी पुढे पाहुण्यांशी गप्पा मारत होतो, आणि तू मागे सुकाणू घेतलंस. ओहोटीची ओढ, दोन्ही अंगाला होड्या. मी धावत मागे पोचेपर्यंत होडी धक्क्याला लागलीसुद्धा, आणि धक्का बसू नये म्हणून कडेला बांधलेले टायर घासून वाजलेही नाहीत. तुला शाबासकी द्यायची, तर मी ओरडलो, "उतर खाली! बाईच्या हातात सुकाणू गेलं की दर्या रुसतो." सगळे हसले. तू चपला हातात घेऊन घरी चालत गेलीस. त्यानंतर पुनवेला तुला कधी सुट्टी मिळाली नाही. खरं सांगू? दर्या रुसला नव्हता, मीच रुसलो होतो. मी होडी लावतो तेव्हा टायर दरवेळी किरकिरतात, हे सगळ्या बंदराला माहीत आहे.

तो कप्तान शेवटच्या भागात मरतो, पण नाओची माफी मागत नाही. मला त्याचा असा राग आला! "मेल्या, एवढं काय जड होतं?" मी मोठ्यानं म्हणालो. आई शांतपणे म्हणाली, "तुमी अजून जिते हाव ना?"

म्हणून हे पत्र. चुकलो मी, हेमाली. पण नुसतं पत्रात लिहून भागायचं नाही, कारण उतरवलं होतं ते सगळ्यांसमोर. परवा मच्छीमारांच्या बैठकीत मी उभा राहून सांगितलं, येत्या पुनवेला माझ्या होडीचं सुकाणू माझी मुलगी धरणार. श्रीपत म्हणाला, दर्या रुसेल. मी म्हटलं, रुसला तर समजावीन, चाळीस वर्षांची ओळख आहे. आता तू आली नाहीस तर माझं हसं होईल. होऊ दे, तेव्हा तुझं झालं होतं. हागानेमारू टीव्हीशेजारी ठेवलाय. पाठीवरची नाओ खरवडून काढायची की राहू द्यायची, ते तू येऊन ठरव. रंग आपल्या होडीचे आहेत, तर मला वाटतं तांडेल मागेच शोभतो. पुनवेला मी पुढे नाळेवर दोर घेऊन उभा राहीन. मागे वळून बघणार नाही, टायर वाजतात का तेवढं फक्त ऐकीन.

तुझाच खलाशी,
बाबा