बांधून ठेवलेली लुगडी

कांताच्या आजोबांले गंगाचा नमस्कार.

तुम्ही पुलगावच्या मिलमधी, म्हणून लिहिते. मी हिंगणीले आपल्या नातीकडं गेलती. त्यायची म्हैस मोठी गुणाची हाय. तिथं नवरा-बायकोचं भांडण झालं, मी भ्याली. पण जवाई म्हणे, "कांते, किती बी भांड, पण इथंच राह्य. घर तुहंच हाय." पोरगी हासत भाकरी थापाले बसली! मले लय आनंद झाला.

तुम्ही दर भांडणात म्हणत, "निंघ माह्या घरातून." कवा निंघा लागन, म्हणून चांगली लुगडी मी गाठोड्यात बांधूनच ठेवली. घरी येऊन आज गाठोडं सोडलं, तं लुगडं घडीवरच फाटलं.

हे पत्र टाकत नाई. आता तुम्ही "राह्य" म्हटलं, तरी मले खरं वाटणार नाई.

तुमच्याच घरातली,
गंगा