विंगेतून गेलेलं वाक्य

प्रिय आईस,

वाकून नमस्कार. मी मजेत आहे, चार घास जास्तच खातो, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

नव्या नाटकातही माझं काम प्रॉम्प्टरचंच, विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची. नाटक मात्र विचित्र आहे. एक म्हातारा दोन तास रिकाम्या खुर्चीशी बोलतो. तू म्हणशील, "याला घरचं कोणी नाही का रे?"

काल तो बोलता बोलता गप्प झाला. तिथे मोठी शांतता लिहिलेली आहे, पण मला वाटलं, नट अडकला. घाईत पुढचं वाक्य सापडेना आणि तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "जेवलास का?"

तो विंगेकडे वळून म्हणाला, "नाही गं." थिएटरात कोणी हसलं नाही.

नंतर दिग्दर्शक खवळले, "हे वाक्य कुठल्या पानावर आहे?" मी उगाच पानं चाळली. आईचं आहे, असं कसं सांगणार?

ताई म्हणाली, तू हल्ली बाबांच्या खुर्चीशी बोलतेस. बोल की, मी कोण अडवणार? पण खुर्ची काही विचारायची नाही, म्हणून मीच विचारतो.

जेवलीस का?

तुझा,
धाकटा