शेंडेनक्षत्र अजून दिसतं का?

भाईंदर, ९ नोव्हेंबर १९४८
राई गावाहून व.चे काका येऊन गेले. (होणाऱ्या नवऱ्याचं पूर्ण नाव इथंही लिहवत नाही. काय हा वेडेपणा!) पहाटे आकाशात शेंडेनक्षत्र उगवतंय, ते नाहीसं होईपर्यंत हळद लावायची नाही म्हणे. आई लगेच कबूल. ती तर तिकडे बघतसुद्धा नाही. बाबांना मोतीबिंदू. दादा मुंबईत खानावळीत राहतो, रविवारचा येतो. मग रोज उठून बघायचं कोणी? नवरीनेच!

१४ नोव्हें., रविवार
आज नीट पाहिलं. घोडबंदरच्या डोंगरांवर, जरा उजवीकडे. केवढी लांब शेपटी! घाबरायला हवं होतं, मी बघतच राहिले. दादाने पेपरातलं वाचून दाखवलं. आफ्रिकेत खग्रास ग्रहण लागलं तेव्हा हा धूमकेतू लोकांना दिसला, आता सूर्याला वळसा घालून परत चाललाय. परत जाताना शेपटी पुढे असते म्हणे. आई म्हणाली, "जातंय ना? मंग जाऊ दे बिगीबिगी." लग्न लांबलं याचं मला वाईट वाटतंय की बरं, तेच कळेना.

१८ नोव्हें.
पौर्णिमा नुकतीच झाली. पहाटेही लख्ख चांदणं. बाबा ओटीवरून, "दिसतं का गो?" दिसतं म्हणावं तर पुसट, नाही म्हणावं तर... "चांदण्यात कळत न्हाय, बाबा." ते चिडले. "हाय का न्हाय, येवढं सांगाया काय जातं तुजं?"

२८ नोव्हें., रविवार
व. दादाला भेटायला मिठागरावर आले. मी बाबांची भाकरी घेऊन बांधावर. जाता जाता म्हणाले, "तुम्ही रोज पहाटे उठता?" मी मान हलवली. "मीपण उठतो." बस, एवढंच. घरी येईपर्यंत हसू आवरेना. आता ते शेपटीवालं जावं असं वाटतंय. देखणं आहे, तरी जावं.

३ डिसें.
चांदणं नाही, आभाळ स्वच्छ, आणि जागा रिकामी. रोखून पाहिलं की काही नाही. नजर बाजूला नेली की धुरकट काहीतरी असल्यासारखं. डोळे चोळले. परत तेच. शेवटी बाबांना छातीठोक सांगितलं, "न्हाय दिसत." त्यांनी लगेच राईला निरोप धाडला. पौष लागायच्या आत उरकायचं, नाहीतर गेलं माघावर.

६ डिसें.
काका खात्री करायला पहाटेच हजर. स्वतःला लांबचं दिसत नाही, म्हणून व.ना घेऊन आलेले. सगळे अंगणात, मी दारात कपबशा घेऊन. व. बराच वेळ बघत उभे.
काका, "काय रं, हाय का अजून?"
"हाय. बारीकसं, पन हाय."
झालं. काका चहा न घेता निघाले. व.नी वळून एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ लागत नाही. बाबा मला खोटारडी म्हणाले, पाहुण्यांसमोर. मी रडले. राग बाबांचा की व.चा, तेही समजेना. त्यांचे डोळे माझ्याहून चांगले, की त्यांना मीच नको?

७ डिसें.
पहाटे उठले. धुकं. काहीच नाही.
उद्या पुन्हा उठणार. देवा, ते अजून तिथं असू दे.