आतड्याने दार उघडलं

ती. वन्संना पाया पडून नमस्कार. तुमचा गुडघा थोडाफार वाकत असेल, यजमानांना अजून ऐकू येत नसेल (त्यांचं बरं आहे) आणि पत्र नाही म्हणून तुम्ही मला शिव्या घालत असाल, असं धरून लिहिते.

गेल्या महिन्यात मला असा ताप चढला की सुनेने चक्क माझ्या कपाळावर हात ठेवला, म्हणजे बघा. वर जुलाब. औषधाने उठले, पण डॉक्टरने फर्मान काढलं, की जंतू अजून पोटात दडून असतील, शौचाची तपासणी स्वच्छ निघेपर्यंत म्हातारीने खानावळीच्या चुलीला हात लावायचा नाही. पळी सुनेकडे गेली. गिऱ्हाइकं तिच्या पाणचट कालवणात बघून भांग पाडतात. पहिली तपासणी बिघडली. परवा दुसरी. तीही बिघडली तर पळी कायमची गेली, कारण सून आत्तापासूनच गोड बोलते, 'आई, तुम्ही आता खुर्चीवर बसून नुसतं बघा.' बघू काय, भांग?

नात प्रयोगशाळेत कामाला आहे, तिने मला सगळं समजावलं. जठरातल्या आंबटात हे जंतू मरायला हवेत, पण चार निगरगट्ट तगतात आणि आतड्यात उतरतात. तिथे पेशींच्या विटा एकीला एक चिकटवून अस्तर बांधलेलं असतं. मला वाटलं, भिंत फोडत असतील. छे हो! मेला नुसता चिकटतो, सुईसारखी नळी टोचतो आणि आत काहीतरी सोडतो. झालं! ती पेशी वेडीपिशी होते, अंगाच्या झालरी पसरते आणि स्वतःच त्याला कवेत घेऊन आत ओढते. शिवाय आत त्याला वेगळी खोली! तिथे तो दार लावून पोरवडा वाढवतो. पहारेकरी पेशी गिळायला आल्या, तर त्यांच्याच पोटात बसून अंगभर हिंडतो.

वन्सं, तापाचं काही नाही, पण याची लाज वाटली. उभ्या जन्मात मी पाहुण्याला आधी 'परत कधी?' विचारलं आणि मग पाणी दिलं. तुमच्या धाकट्या दिरांना तर (ट्रंकेसकट आले होते) पायरीवरूनच वळवलं. आणि माझं आतडं ज्याला त्याला मिठी मारतं! हे वळण माझ्या माहेरचं नाही (मग कुठलं, ते तुम्ही जाणता). नात म्हणाली, 'आजी, सगळ्यांची आतडी अशीच असतात.' म्हटलं, 'सगळ्यांची असू देत, माझं का?'

थोरामोठ्यांना नमस्कार, बाकीच्यांना जे शोभेल ते.

तुमची भावजय

ता. क. पत्राबरोबर झाकणाची छोटी डबी आहे. तुमचं पोट पहिल्यापासून नावाजलेलं. उद्या सकाळी जे होईल त्यातलं चमचाभर डबीत भरा, झाकण घट्ट लावा आणि पत्र आणणाऱ्या दूधवाल्याकडे द्या. विचारलंच तर लोणी म्हणा. वर माझं नाव आधीच लिहिलंय.

आणखी ता. क. गेल्या महिन्यात तुम्हाला खाऊचा डबा पाठवला होता ना, तो मी ताप चढायच्या आदल्याच दिवशी केला होता. खाल्ला असेल तर डबी रिकामीच पाठवा आणि मागोमाग तुम्हीही या. माझ्या शेजारची खाट मोकळी आहे. सुनेच्या स्वयंपाकाला एकटीने नावं ठेवून ठेवून माझं तोंड दुखायला लागलंय.