तंबूतला बोलपट आणि नाम्याचे बूट

कुसगाव, पौष, मंगळवार

नातू नाम्या आज मला लोणावळ्याच्या तंबूत सांजचा बोलपट बघायला घेऊन गेला. गरिबाचं पोरगं वाढता वाढता गुंडांचा म्होरक्या होतं, अशी गोष्ट. त्यातली आई अगदी बिनकामाची. पोरगं हाताबाहेर चाललंय आणि ही गाणी म्हणतीय! शेवटी पोलीसही आयते हजर. पण पोरगं बिघडताना दाखवलंय ते खरं. एका दिवसात न्हाई बिघडत. आधी आईशी खोटं बोलतं, पापणी न हलवता. तितंच मी शेजारी बसलेल्या नाम्याकडं बघितलं.

परतताना नाम्याच्या पायातल्या नव्या बुटांकडं बघून विचारलं, "कुटनं आणलंस रं हे?"

"बंगल्यातल्या सायबानं दिलं, आजी."

"कंच्या सायबानं?"

"तू न्हाई वळखत." वर हसला. "बोलपट बघून फौजदार झालीस व्हय?"

पापणी हलली न्हाई.

घरी आल्यावर खंडोबाचा भंडार उचलून शपथ घ्यायला लावणार होते. आमच्यात भंडार उचलून कुणी खोटं बोलत न्हाई. देव्हाऱ्यातल्या डबीपर्यंत हात गेला, आणि मागं घेतला.

त्यानं पापणी न हलवता उचलला असता तर?